सुट्टीच्या दिवशीची सायकल

शेपट्याला आठवड्यातून एकच दिवस सुट्टी असायची, मंगळवारची, आणि त्या दिवशी तो काहीही करत नसे. काहीही म्हणजे खरोखरच काहीही. घराखालच्या किल्ल्या बनवणाऱ्याचं यंत्र सकाळी किंचाळायला लागलं की तो कूस बदलायचा, उशी कानावर घ्यायचा आणि पुन्हा झोपायचा. बायको पाळणाघरात कामाला निघून जायची. पुढच्या खोलीत सासरे टीव्ही मोठ्याने लावून बसायचे. दुपारी केव्हातरी उठून तो स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच उकडलेलं अंडं आणि पाव खायचा, आणि परत येऊन आडवा व्हायचा.

बाकीचे दिवस तो सायकलवर असे. गावाबाहेरच्या टेकड्यांवर द्राक्षांच्या बागा होत्या, बागांमध्ये द्राक्षांची वाइन करणाऱ्या वायनऱ्या होत्या, आणि लांबून आलेल्या हौशी लोकांना सायकलवरून त्या वायनऱ्या दाखवत फिरवणारी एक लहानशी कंपनी होती. सकाळी निघायचं, कालव्याच्या कडेकडेने जायचं, तीन ठिकाणी थांबायचं, प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी वाइन चाखायची आणि दुपार कलली की परत फिरायचं. पुढे एक चटपटीत मुलगी असायची. ती माहिती सांगायची, हसवायची, फोटो काढायची. शेपट्या सगळ्यांच्या मागे. त्याला बोलायचं काम नव्हतं. कुणाची साखळी उतरली, कुणाच्या चाकातली हवा गेली, चढावर कुणाला दम लागला, एखादी नवरी नवऱ्यावर रुसून कठड्यावर बसली, की तिथे थांबायचं. पाहुण्यांनी घेतलेल्या बाटल्या त्याच्या सायकलच्या मागच्या पेट्यांत यायच्या आणि दिवस चढेल तशी त्याची सायकल जड होत जायची. तिसऱ्या वायनरीनंतर पाहुण्यांना सरळ रस्ता वाकडा दिसायला लागायचा, तेव्हा तर त्याला पापणी लववायचीही सोय नसे. सगळे धडधाकट परत आले की त्याचा दिवस संपायचा. स्वतः तो कामावर एक थेंबही घेत नसे.

शेपट्या हे नाव मात्र कंपनीचं नव्हतं. ते फार जुनं. तरुणपणी तो आणि त्याचे दोन दोस्त, लांब्या आणि बोका, बाटल्या धुवायच्या कारखान्यात एकाच पाळीला होते. सुट्टीला तिघं सायकली काढून टेकड्यांत भटकायचे. तेव्हा वायनऱ्यांत परकं माणूस फारसं फिरकत नसे. दारात सायकली टेकवल्या की एखादा म्हातारा मालक तळघरात नेऊन पिंपातून एकेक पेला काढून द्यायचा, आणि वर तासभर गप्पा मारायचा. लांब्या ताडमाड, म्हणून लांब्या. बोका गुपचूप येऊन दुसऱ्याच्या ताटातलं उचलायचा, म्हणून बोका. आणि हा नेहमी मागे राहायचा. एक तर त्याची सायकल जड होती, आणि दुसरं, कुणीतरी मागे असलेलं बरं, असं त्याला आपलं वाटायचं.

लोकांना असं फिरवायचा धंदा काढायची कल्पना लांब्याची. तिघांनी कारखाना सोडला, मोडक्या सायकली गोळा करून रंगवल्या आणि सुरुवात केली. लांब्या पुढे राहून बोलायचा, बोका कागदपत्रं बघायचा, शेपट्या मागे. दोनतीन हंगाम बरे गेले. मग लांब्याला मोठ्या शहरात विमा कंपनीत नोकरी लागली, आणि बोका सासऱ्याच्या फरशांच्या दुकानात जाऊन बसला. धंदा एका बाईंनी घेतला. "सायकलींबरोबर मलाही विकून टाकलं यांनी," असं शेपट्या पुढे कुणालाही हसत सांगायचा. त्यात राग नव्हता. तेव्हा त्याला सायकल मनापासून आवडायची, आणि आवडीच्या कामाचा पगार मिळतो याचं त्याला नवलही वाटायचं.

ते नवल केव्हा संपलं, हे त्याला सांगता आलं नसतं. आता पन्नाशी आली होती. सकाळी जिना उतरताना गुडघे कुरकुरायचे. मनगटांत कळ असायची. आणि थकवा झोपेने जाईनासा झाला होता. रात्री तो जितका थकलेला झोपायचा, जवळजवळ तितकाच थकलेला सकाळी उठायचा. बायकोचंही तेच. ती दिवसभर दुसऱ्यांची पोरं कडेवर घेऊन हिंडायची आणि घरी येईपर्यंत अर्धी झालेली असायची. जेवताना दोघं बोलत ते अर्ध्या अर्ध्या वाक्यांत. "ते दूध..." ती म्हणायची. "आणलं," तो म्हणायचा. तेवढ्यावर संसार नीट चालला होता. जास्त बोलायचे ते सासरे. ते जन्मभर बस चालवत होते, आणि सायकल हे वाहन आहे हे त्यांनी कधीच मान्य केलं नाही. "जावईबापू, ज्याला हॉर्न नाही त्याला रस्त्यावर मान नाही," असं ते खिडकीत बसून ऐकवायचे.

एका सोमवारी संध्याकाळी शेपट्या जिना चढून वर आला, तर आज टीव्हीचा आवाज नाही. त्याला वाटलं, सासऱ्यांना काही झालं की काय. दार ढकललं तर पुढच्या खोलीत सासऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दोन माणसं बसलेली. एकाचे गुडघे छातीला टेकलेले, कारण तो कोच त्याला पुरत नव्हता. दुसरा सासऱ्यांच्या बशीतली बिस्किटं खात होता.

"ओळखलंस का रे, शेपट्या?" लांब्या उठून उभा राहिला आणि दिव्याला डोकं लागेल म्हणून परत वाकला.

किती वर्षांनी! मिठ्या झाल्या, पाठीवर थापा झाल्या. लांब्याचे केस पांढरे झाले होते, पण आवाज तोच, समोरच्याला बोलू न देणारा. बोक्याचं पोट बरंच पुढे आलं होतं.

"उद्या तुला सुट्टी आहे," लांब्या म्हणाला. "नाही म्हणू नकोस, मी चौकशी करून आलोय. उद्या आपण तिघं निघायचं. सायकली घेऊन. वायनऱ्या फिरायला, पूर्वीसारखं!"

शेपट्याला क्षणभर कळेना, हसावं की काय करावं.

"अहो, पण जावईबापू रोज तेच तर करतात," सासरे म्हणाले.

"रोज नोकर म्हणून करतो, बाबा. उद्या पाहुणा म्हणून! त्याच्याच कंपनीत तीन जागा सांगून ठेवल्यात. उद्या याने पेटीला हात लावायचा नाही, पंक्चरकडे बघायचं नाही. नुसतं प्यायचं आणि पायडल मारायचं."

पायडल हा शब्द ऐकूनच शेपट्याच्या पोटऱ्यांत गोळे आले. तो पाणी आणतो म्हणून स्वयंपाकघरात गेला. बायको बटाटे सोलत होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"काय करू?" त्याने हळूच विचारलं.

"नाही म्हणा."

"इतक्या वर्षांनी आलेत. तोंडावर कसं नाही म्हणू?"

तिने सोललेला बटाटा पाण्यात टाकला. "मग जा. पण जायचंच तर हसत जा. तोंड पाडून गेलात तर जाऊन न गेल्यासारखंच."

मंगळवारी सकाळी तो आपल्याच कंपनीच्या आवारात पाहुण्यांच्या रांगेत उभा राहिला. पुढे जाणारी मुलगी नावं तपासत आली आणि थांबली. "काका, तुम्ही? आज?"

"आज पाहुणा आहे," शेपट्या कसंनुसं हसत म्हणाला.

मंगळवारी मागे राहायचं काम मालकीणबाई स्वतः करायच्या. साठीच्या बाई, सडसडीत, उन्हाने रापलेल्या. शेपट्याचंच केशरी जाकीट त्यांनी घातलं होतं आणि ते त्यांच्या गुडघ्यापर्यंत येत होतं. "मजा करा हो," त्या म्हणाल्या. "आज तुमच्या मागे मी आहे."

मजा करणं सोपं नव्हतं. कालव्याच्या रस्त्याला लागल्यावर दहा मिनिटांत शेपट्या आपोआप मागे मागे पडत बाईंच्या शेजारी येऊन पोहोचला. "पुढे व्हा," बाई म्हणाल्या, "ही माझी जागा आहे." तो पुढे झाला. मग गटातल्या एका पाहुण्याची साखळी उतरली आणि कुणी काही म्हणायच्या आत हा खाली उतरून गुडघ्यावर बसलेला, बोटं काळी. लांब्याने त्याला दंडाला धरून उठवलं. "अरे, तू पाहुणा आहेस ना! जरा पाहुण्यासारखा वाग की!"

पाहुण्यासारखं वागायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्याला आठवेना. इतकी वर्षं तो पाहुण्यांच्या पाठीच बघत आला होता. सायकल चालवताना त्यांची तोंडं कशी दिसतात, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

पहिली वायनरी मोठी, काचेच्या भिंतींची. लांबलचक टेबलावर पेले मांडून ठेवलेले, मध्ये चाखलेली वाइन थुंकायची भांडी. मुलीने आपलं रोजचं भाषण सुरू केलं. शेपट्या ते रोज दाराबाहेर सायकलींपाशी बसून ऐकायचा, म्हणजे त्यातला आवाज ऐकायचा, शब्द नाही. आज त्याने शब्द ऐकले. मुलगी सांगत होती, ही सहल तीन जिवलग मित्रांनी सुरू केली. तिघांत मिळून एकच सायकल होती. एक चालवायचा, एक दांडीवर बसायचा आणि तिसरा मागून पळायचा.

"तिसरा कोण ते विचारू नका," बोका पुटपुटला, आणि त्याने शेजारच्या पाहुण्याच्या बशीतला चीजचा तुकडा उचलला.

"पण खोटं आहे हे!" लांब्या मोठ्याने म्हणाला. "तीन सायकली होत्या. आणि ते तीन मित्र आम्ही!"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. मुलगी गोरीमोरी झाली. मग तिने सावरून घेत सगळ्यांना पेले उचलायला सांगितले. "आता डोळे मिटा. वास घ्या. आणि मनात पहिल्यांदा काय येतं ते सांगा."

कुणी म्हणालं, पिकलेली बोरं. कुणी म्हणालं, ओलं लाकूड. एक बाई म्हणाल्या, आजीचं कपाट. मुलगी शेपट्यापाशी आली. "काका, तुम्हाला काय आठवलं?"

शेपट्याने डोळे मिटले होते ते उघडलेच नव्हते. काचेतून ऊन येत होतं, खुर्ची बरी होती. मिटलेल्या डोळ्यांआड इतकं छान वाटत होतं की प्रश्न त्याच्यापर्यंत जरा उशिराच पोहोचला.

"उशी," तो म्हणाला.

सगळी खोली हसली. लांब्या तर टेबलावर हात आपटून हसला. शेपट्याही हसला, बायकोने सांगितलं होतं तसं.

दुसरी वायनरी जुनी. दगडी आवार, पिंपांनी भरलेलं तळघर, आणि वर अंगणात लाकडी बाकं. इथे जेवण असायचं: पाव, चीज, उकडलेल्या भाज्या, गार सूप. शेपट्याने तोवर चार पेले घेतले होते, आणि चारही थुंकायच्या भांड्याकडे न बघता गिळले होते. वाइन त्याच्या पायांत उतरली होती. लांब्याने मुद्दाम कोपऱ्यातलं बाक धरलं आणि बशा बाजूला सारल्या.

"आता ऐक. मी काही नुसता भेटायला आलो नाही."

बोका सूप ढवळायला लागला. ढवळण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"आपण परत सुरू करू या," लांब्या म्हणाला. "तिघं. नवा धंदा, नवा रस्ता, नदीच्या बाजूने. आणि सायकली कुठल्या, माहीत आहे? बॅटरीच्या! चढावर दमायचं नाही, काही नाही. म्हातारेही येतील. ही तुझी बाई अजून त्याच जुन्या लोखंडावर चाललीय. वर्षभरात मागे टाकू तिला. बोक्याशी मी बोललोय. बोका तयार आहे."

बोक्याने मान हलवली. ती होय म्हणून हलली की नाही म्हणून, हे समजणं कठीण होतं.

शेपट्या ऐकत होता. त्याला वाटलं, आपल्याला आनंद व्हायला हवा. जुने दोस्त परत आले, आपल्याला बरोबर घेतायत. त्याने आत कुठे काही हलतंय का ते पाहिलं. "मग कामं कशी वाटायची?" त्याने विचारलं.

"त्यात काय विचारायचं? पुढे मी बोलेन. कागदपत्रं बोका बघेल."

"आणि मी?"

"तू मागे!" लांब्याने त्याच्या खांद्यावर थाप मारली. "अरे, तुझ्यासारखा मागे राहणारा मिळणार आहे का कुणाला?"

तो हे प्रेमाने बोलला होता, यात शंका नाही. शेपट्याला रागही आला नाही. राग यायला अंगात थोडं त्राण लागतं. त्याला फक्त एकदम इतकं थकल्यासारखं झालं की हातातला पाव तोंडापर्यंत नेणंही जड वाटायला लागलं. त्याने तो बशीत ठेवला. "बघतो," तो म्हणाला. "विचार करतो." आणि हेल्मेट घालून सायकलींकडे गेला.

तिसऱ्या वायनरीला जायचा रस्ता चढाचा. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे वेल, तारांवर चढवलेले. घड भरले होते, तोडणीला थोडाच अवकाश होता. मुलगी पुढे गेली, लांब्या तिच्या मागोमाग, अजूनही काहीतरी सांगत. बोका धापा टाकत त्यांच्या मागे. बाकीचे पाहुणे पांगत पांगत गेले. शेपट्या पहिल्या वळणावर खाली उतरला आणि सायकल हातात धरून चालायला लागला. या चढावर तो आजवर कधी उतरला नव्हता. मागच्याने उतरायचं नसतं. पाहुण्यांचा धीर सुटतो.

दुसऱ्या वळणापाशी त्याने सायकल एका खांबाला टेकवली. वेलींच्या दोन रांगांमध्ये सावली होती, गवत होतं. जरा बसावं म्हणून तो आत शिरला. बसला. मग हेल्मेट डोक्याखाली घेऊन आडवा झाला. पानांमधून आभाळाचे तुकडे दिसत होते. कुणीतरी वरून हाक मारल्यासारखं वाटलं, पण ती हाक आपल्यासाठी नसेल असं समजून त्याने डोळे मिटले.

जाग आली तेव्हा मालकीणबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी बूट काढले होते आणि त्या टाचेवरचे फोड निरखून बघत होत्या.

शेपट्या धडपडत उठायला लागला. "बाई, माफ करा, मी जरा..."

"पडा हो. मागून कुणी यायचं नाही आता. शेवटचे आपणच."

तो अर्धवट उठून बसला. घडांवर माश्या घोंघावत होत्या.

"तब्येत बरी नाही का?" बाईंनी विचारलं.

एरवी तो "छे, छे, ठीक आहे" म्हणाला असता. ते उत्तर त्याच्या जिभेवर कायमचं तयार असायचं. पण झोपेतून नुकताच उठला होता, आणि पोटात ते चार पेलेही होते.

"थकलोय, बाई."

"आज?"

"आज नाही. केव्हापासून कोण जाणे. गुडघे गेलेत माझे. मनगटं गेलीत. सकाळी उठतो तेव्हा वाटतं, कालचाच दिवस अजून संपलेला नाही."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही कधी बोलला नाहीत."

"कुणी विचारलं नाही."

"हेही खरं." त्यांनी मोजा चढवायला घेतला आणि तसाच हातात धरून ठेवला. "मला वाटायचं, तुम्हाला आवडतं. गप्प माणूस दिसला की त्याचं बरं चाललंय असं समजायची सवय लागते. सोयीचं असतं ना ते. मी ही कंपनी घेतली तेव्हा बँकेत खिडकीमागे बसून विटले होते. मोकळी हवा हवी होती मला. मिळाली." त्या हसल्या. "आता पोट भरलं हवेने. मंगळवारच्या एका दिवसाने मी बुधवारी घरातल्या घरात काठी घेऊन चालते, ठाऊक आहे?"

शेपट्याला ते ठाऊक नव्हतं. त्यानेही कधी विचारलं नव्हतं.

"तोडणीचा हंगाम डोक्यावर आहे," बाई म्हणाल्या. "आत्ता मी तुम्हाला सोडू शकत नाही, खोटं कशाला बोलू. पण दुरुस्तीच्या खोलीत बसायला कुणीतरी लागणारच आहे. मागे राहायला दुसरं माणूस मिळालं की..."

तेवढ्यात उतारावरून ब्रेकचा कर्कश आवाज आला आणि बोका दिसला. तो वरून परत आला होता. तो चढ त्याने रडतखडत चढला होता आणि आता शेपट्यासाठी उतरला होता, म्हणजे पुन्हा चढावा लागणार होता. चेहरा लालबुंद. सायकल टाकून तो वेलीत शिरला आणि मटकन खाली बसला.

"आहेस होय! मला वाटलं, खड्ड्यात पडलास कुठेतरी." दम खाऊन झाल्यावर तो खाली मान घालून म्हणाला, "शेपट्या, ऐक. मला नकोय हा धंदा. मी दुकानात सुखी आहे. लांब्याला मी आधीच म्हटलं होतं, शेपट्याला निदान विचार तरी. पण तो फोन करतो, बोलत राहतो, आणि मला नाही म्हणता येत नाही."

"मग होय कशाला म्हणालास?"

"त्याला घरी बसवलंय रे. विमा कंपनीने. बायकोलाही त्याने बरेच दिवस सांगितलं नव्हतं, सकाळी डबा घेऊन बागेत जाऊन बसायचा. तुला सांगू नकोस म्हणाला होता."

बाई उठल्या आणि जरा दूर जाऊन आपल्या सायकलची हवा बघायला लागल्या. हवा ठीक होती.

तिघांनी मिळून सायकली ढकलत तो चढ चढला. वर तिसऱ्या वायनरीच्या गच्चीवर बाकीचे पाहुणे चाखत होते. लांब्या एकटाच कठड्याला टेकून उभा होता. तो अजूनही उंचच होता, पण पाठ वाकली होती.

"कुठे मेला होतास?" त्याने विचारलं. "सगळे वाट बघतायत."

"झोपलो होतो," शेपट्या म्हणाला. "लांब्या, मला नाही जमायचं."

"अरे, बॅटरीच्या सायकली असतील..."

"बॅटरी सायकलला असेल. मला मागे राहायचं नाहीये आता. तुझ्याही मागे नाही आणि कुणाच्याच नाही."

लांब्याने एकदा बोक्याकडे पाहिलं आणि बोक्याने काय सांगितलं असेल ते त्याला कळलं. त्याचा चेहरा उतरला. "तुला काय," तो हलक्या आवाजात म्हणाला. "तुला नोकरी आहे. तू थकायला मोकळा आहेस. मला थकायलाही काही उरलं नाही."

शेपट्या त्याच्या शेजारी कठड्याला टेकला. खाली कालव्याचा रस्ता दिसत होता, दोरीसारखा. तो म्हणाला, "बाईंना मागे राहायला माणूस हवंय."

लांब्याने मान वळवली. "मला शेपटी व्हायला सांगतोस?"

"सांगत नाही. हवंय, एवढंच म्हणालो."

लांब्याला ते लागलं. परत येताना तो सगळ्यांच्या पुढे गेला आणि संध्याकाळी निरोपही न घेता स्टेशनवर निघून गेला. बोका राहिला, जेवला, सासऱ्यांची उरलेली बिस्किटं संपवून गेला. बायकोने शेपट्याला विचारलं, "झाली मजा?"

"झाली," तो म्हणाला, आणि कपडे न बदलताच झोपला.

काही दिवस असेच गेले. मग एका दुपारी पिशवी घेऊन लांब्या जिन्यात उभा. त्याने आधीच बाईंना फोन केला होता. मागे राहायचं काम हंगामापुरतं ठरलं होतं, आणि राहायला शेपट्याचं घर ठरलं होतं. हे शेवटचं शेपट्याला त्याच वेळी कळलं.

पहिल्या दिवसाचं काम करून लांब्या संध्याकाळी परत आला तो जिन्याच्या मधल्या पायरीवरच बसला. बूट काढायला वाकता येईना. शेपट्या खाली आला, त्याच्या पुढ्यात बसला आणि त्याच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागला. नाड्यांत धुळीचे गोळे झाले होते.

"हे रोज?" लांब्याने विचारलं.

"मंगळवार सोडून."

लांब्या बराच वेळ गप्प बसला. गप्प बसलेला लांब्या शेपट्याने पहिल्यांदाच पाहिला. मग लांब्याने भिंतीला डोकं टेकलं आणि म्हणाला, "तू कधी सांगितलं का नाहीस रे?" शेपट्या दुसऱ्या बुटाकडे वळला.

तो हंगाम घरातल्या सगळ्यांनाच जड गेला. लांब्या पुढच्या खोलीत जमिनीवर झोपायचा आणि त्याचे पाय दारातून स्वयंपाकघरात यायचे. सासऱ्यांचं आणि त्याचं टीव्हीवरून रोज वाजायचं. बायको दिवसभर पोरं सांभाळून यायची आणि घरी हे दोन मोठे भांडत बसलेले. "ते दूध..." ती म्हणायची. "लांब्या प्यायला," शेपट्या म्हणायचा. पण शेपट्या दुरुस्तीच्या खोलीत बसायला लागला होता. तिथे एक उंच स्टूल होतं, तेलकट फडकी होती, उताणी केलेली चाकं होती. पहिल्या आठवड्यात त्याला करमेना. सकाळी गट निघाला की पाय आपोआप फाटकापर्यंत जायचे. मग ते जायचे थांबले.

तोडणी संपली, पाहुणे कमी झाले, आणि लांब्याला शहरात एका सभागृहाच्या तिकीटखिडकीवर काम मिळालं. बसून करायचं काम, आणि समोर रांगेत उभे असलेले लोक, ज्यांना त्याचं ऐकून घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तो तिथे रमला. जाताना त्याने सासऱ्यांना मिठी मारली, तेव्हा सासऱ्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या जागी बाईंना दुसरं चांगलं माणूस मिळालं नाही. दोघं आले, दोघंही टिकले नाहीत. बाईंनी दुरुस्तीच्या खोलीत येऊन, दारात उभं राहून, फार अवघडून विचारलं. शेवटी अर्धा आठवडा स्टूल आणि अर्धा आठवडा रस्ता, असं ठरलं. शेपट्याने गुडघ्यांना पट्टे आणले.

तो अजूनही थकतो. पूर्वी थकवा सगळा एकसारखा होता, आता त्यात थोडा फरक पडलाय: स्टुलावरच्या दिवशी पाठ दुखते, रस्त्यावरच्या दिवशी पाय. बाई मधूनमधून विचारतात, "कसं काय?" आणि तो खरं उत्तर देतो. त्यावर दर वेळी काही उपाय होतोच असं नाही. परवा त्याने सांगितलं, "आज मान धरलीये." बाई म्हणाल्या, "माझी कंबर." मग दोघांनी मिळून पाहुण्यांच्या सायकली आत घेतल्या, एकेक करून, आणि फाटक लावलं.